व्हिएतनामी शिकायला रिह्याला

मुळशीला लोक धबधबे बघायला जातात, धरणाच्या काठी मक्याची कणसं खायला जातात, नाहीतर जमीन बघायला जातात. मी गेले व्हिएतनामी भाषा शिकायला. हे सांगितल्यावर आमच्या सोसायटीतल्या माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून ठरवलं की परत आल्यावर हे नीट लिहून ठेवायचं.

कारण साधं आहे. माझी एकुलती एक मुलगी मुक्ता व्हिएतनामच्या दक्षिणेला, मेकाँग नदीच्या काठी कॅन थो नावाच्या शहरात राहते. नवरा तिथलाच. तिला दिवस गेलेत आणि दोन-अडीच महिन्यांनी ती बाळंत होणार. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण ती येऊ शकत नाही, म्हणून माहेरच उचलून तिकडे न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे मी एकटी. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, ओवा, सगळं बांधून तयार होतं. अडचण एकच होती. तिथलं स्वयंपाकघर विहीणबाईंचं आहे, त्यांना व्हिएतनामीखेरीज एक अक्षर येत नाही, आणि मला व्हिएतनामी येत नाही. जावई दिवसभर कामावर असणार आणि मुक्ता खाटेवर. मला भीती वाटत होती की माझ्याच लेकीच्या बाळंतपणात मी पाहुणीसारखी खुर्चीवर बसून राहीन आणि कुणीतरी अधूनमधून मला चहा आणून देईल.

मी तीस वर्षं एका कॉलेजात ग्रंथपाल होते. कुठल्या विषयाला कुठलं पुस्तक, हे लोकांना सांगण्यात माझी हयात गेली, तेव्हा स्वतःसाठी साधनं जमवायला कितीसा वेळ लागणार? महिन्याभरात टेबलावर ढीग झाला. परदेशी विद्यापीठाचं साडेपाचशे पानांचं व्याकरण, फोनवरची तीन ॲप, एका तरुण मास्तरणीचे साठ व्हिडिओ आणि ‘तीस दिवसांत अस्खलित’ म्हणणारा एक ऑनलाइन वर्ग. पी हळद आणि हो गोरी. शिवाय माझी स्वतःची दोनशे पानी वही. ढीग वाढत गेला आणि मला धड नमस्कारसुद्धा म्हणता येईना.

कासार आंबोली

पहिला मुक्काम सुनंदाच्या बंगल्यावर केला. ही माझ्याच कॉलेजातली, वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर पौड रस्त्यापासून आत, कासार आंबोलीला तिनं चार खोल्या बांधल्या. आजूबाजूला असेच बंगले, आठवडाभर कुलपात आणि शनिवारी उघडणारे. मधल्या शेतांत भाताची कापणी होऊन गेली होती. कापलेल्या खुंटांवर बगळे फिरत होते आणि हवेत पेंढ्याचा वास होता.

सुनंदा दोन वर्षांपूर्वी सहलीबरोबर व्हिएतनामला जाऊन आलेली. तिनं जेवताना मोठ्या कौतुकानं एक छोटं इंग्रजी पुस्तक काढलं, प्रवाशांसाठीचं. ते मी तिथंच चाळलं. खोलीत गरम पाणी येत नाही, हे महाग आहे, विमानतळावर सोडा, मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, असं सगळं त्यात होतं. ‘बाळंतीण’ हा शब्द नव्हता. ‘विहीण’ तर असणं शक्यच नव्हतं, कारण इंग्रजांना विहीणच नसते. मुलीची सासू म्हणे. माणसाला नाव नाही, नुसता पत्ता. मी पुस्तक मिटून परत दिलं तशी सुनंदा जरा हिरमुसली. मग म्हणाली की पुस्तकांतून वर काढ डोकं, जवळच रिहे गावात एक व्हिएतनामी सून आहे, तिच्याकडे जा.

मला आधी थट्टा वाटली. पण सुनंदा दरवर्षी आंबेमोहोर घेते ती रिह्याच्या हौसाबाईंकडून, आणि ही त्यांचीच सून. मुलगा भरे गावाच्या बाजूला एका कारखान्यात आहे. कंपनीनं दोन वर्षं त्याला व्हिएतनामला पाठवलं होतं, तिथून तो लग्न करून आला. त्यांच्या घराला लागून दोन खोल्या आहेत, शनिवार-रविवारी पुण्याच्या लोकांना भाड्यानं देतात. मी अमेरिकेतून व्याकरण मागवत बसले होते आणि व्हिएतनामी बाई माझ्या घरापासून तासाभरावर भात झोडत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

रिहे, पहिला दिवस

रिह्याचं खोरं म्हणजे दोन डोंगरांच्या मधली लांबट ओंजळ आहे. खाली खाचरं, वर गवत पिवळं पडायला लागलेलं, आणि मधूनमधून शहरातल्या लोकांच्या फार्महाऊसच्या लाल भिंती. हौसाबाईंचं घर रस्त्यालाच आहे. अंगणात पेंढ्याची उडवी, दोन शेळ्या, आणि ओट्यावर आलं वाळत घातलेलं.

गेल्या गेल्या माझी फजिती झाली. खोलीमागून असा काही वास येत होता की मी हातातली पिशवी खाली न ठेवताच हौसाबाईंना सांगितलं, मागं उंदीर मेलाय, बघून घ्या. त्या सत्तरीला आलेल्या, सडपातळ, कासोट्याचं लुगडं नेसलेल्या बाई. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

“उंदीर न्हाई बाई, सुनंच्या म्हायेरची चटनी हाय ती,” त्या म्हणाल्या. “आदी वट्याखाली पुरली व्हती. मग आंब्याखाली नेली. आता गोठ्यामागं हाय. ह्याच्याम्होरं आमची हद्द न्हाई.”

चटणी म्हणजे मीठ आणि मासळी थरावर थर देऊन महिनोन् महिने मुरवलेलं पाणी. व्हिएतनाममध्ये ते आपल्याकडच्या मिठासारखं सगळ्यांत पडतं. ते मुरवणारी सून, थुई, तेवढ्यात आली. चौतिशीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, हातात विळा. मी महिनाभर घोकलेलं नमस्काराचं वाक्य म्हणून दाखवलं. ती विचारात पडली, आणि मग अगदी अदबीनं म्हणाली, “मावशी, मला हिंदी लई येत न्हाई.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाकी तिचं मराठी ऐकून मीच चाट पडले. हाय, न्हाई, व्हय, सगळं अस्सल मावळी, आणि स्वर मात्र वरखाली हेलकावे घेणारा. तिनं बसायला पाट दिला आणि पहिल्यांदा माझं वय विचारलं, मग जन्माचा महिना. पुण्यात असं कुणी विचारलं तर आपल्याला राग येतो. तिकडे वय कळल्याशिवाय समोरच्याला काय म्हणायचं तेच ठरत नाही. हौसाबाईंना हे फार पटतं. त्यांच्याकडेही नवं माणूस आलं की कुणाची, कुठली, वय काय, हे झाल्यावरच पाणी मिळतं.

रात्रीच्या जेवणात गवती चहा होता. तो चहात नव्हता, कोंबडीत होता, ठेचून घातलेला. आम्ही पुण्यात त्याचा काढा करून पडशावर पितो. सोबत तांदळाची भाकरी आणि हौसाबाईंची सुकट. मी गोठ्यामागच्या त्या पाण्याचे चार थेंब भातावर घेतले आणि मग आणखी मागून घेतले. उंदराबद्दल माफीही मागितली.

रिहे, दुसरा दिवस

सकाळी थुई ओट्यावर वालपापडी निवडायला बसली आणि मी तिच्यापुढं माझी सगळी साधनं मांडली. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं मी निवडली. माझी निवडणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसली होती.

व्याकरणाचं पुस्तक तिनं हातात तोलून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. हे बाळ शाळेत जायला लागेल तेव्हा वाचा, म्हणाली. मग ॲप ऐकलं. त्यात एक बाई ‘घोडा सफरचंद खातो’ असं म्हणत होती. कॅन थोत घोडा नाही आणि सफरचंद महाग, असं तिचं मत पडलं. व्हिडिओ मात्र तिनं बराच वेळ ऐकले. बाई चांगली शिकवते, म्हणाली, पण ती हनोईची. थुई स्वतः मेकाँगच्या काठची, मुक्ताच्या सासरापासून दोन तासांवरची. तिकडे आईला हाक मारायचा शब्द वेगळा, वाटीचा वेगळा, चमच्याचा वेगळा, आणि बोलायची चालही वेगळी. माझी तिन्ही ॲप, साठ व्हिडिओ आणि तो तीस दिवसांचा वर्ग, सगळं उत्तरेकडचं निघालं. हे शिकून गेलात तर विहीणबाईंना तुम्ही कळाल, असं ती म्हणाली, पण त्या तुमच्याशी टीव्हीवरच्या बाईशी बोलावं तसं बोलतील. ग्रंथपालानं आवृत्ती न बघता पुस्तक घेतलं होतं. मला माझीच शरम वाटली.

मग मी वही काढली. ती दाखवायची मला खरं तर घाई झाली होती. महिनाभर मी रोज तीन तास बसून, लागतील ती वाक्यं शोधून, सुवाच्य देवनागरीत उतरवली होती. आपली लिपी म्हणजे जसं लिहावं तसंच बोलावं, जगातली कुठलीही भाषा तिच्यात मावते, हे आपल्याला शाळेपासून सांगितलेलं असतं. मी पहिलं पान वाचलं. थुईला काही कळलं नाही. दुसरं वाचलं, तेही नाही. त्या भाषेत आवाज चढवला की एक अर्थ, पाडला की दुसरा, मध्येच घोटला की तिसरा, आणि माझ्या वहीत ते सगळे चढउतार सपाट झाले होते. शेवटी तिनंच तोडगा काढला. प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ मी वाचायचा आणि ती ते तिच्या भाषेत म्हणणार, मी फोनवर ध्वनिमुद्रण करणार.

मी वाचत गेले. तिला रोज गरम पाण्यानं न्हाऊ घालायचं आहे. तिला पपई देऊ नका. बाळाला मी पायावर घेऊन आंघोळ घालणार. डुकराचं मांस नको. खिडकी उघडू नका. हा लाडू सकाळी एक द्या. ते तुम्ही करू नका, मी करते.

सातव्या-आठव्या वाक्याला थुई थांबली. सुपातला वाल तसाच राहिला.

“मावशी, ह्यात समदं ‘नका’ अन् ‘असं करा’च हाय,” ती म्हणाली. “इचारायचं येकबी न्हाई.”

मला राग आला. मी तिला सुनावलं की मी कुणाशी भांडायला चाललेले नाही, माझ्या मुलीचं बाळंतपण करायला चाललेय. मी वही उचलून खोलीत गेले आणि दुपारच्या चहालाही बाहेर आले नाही. खोलीत बसून दोनशे पानं पुन्हा चाळली. प्रश्नचिन्ह सापडलं ते एकच, ‘तिखट कुठे ठेवलंय?’

उन्हं कलताना हौसाबाई आल्या आणि दारातच बसल्या. सुनेनं त्यांना काही सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. त्या आपल्या नातीच्या जन्माची गोष्ट सांगायला लागल्या. नात आता सहा वर्षांची आहे. थुईच्या आईकडे तेव्हा पासपोर्ट नव्हता, ती येऊ शकली नाही, म्हणून बाळंतपण हौसाबाईंनी केलं. दुसऱ्या दिवसापासून तेल लावून कडकडीत पाण्यानं न्हाऊ घातलं, आपल्याकडे घालतात तसं. थुई रोज न्हाणीत रडायची, नवऱ्यालाही कारण सांगायची नाही. हौसाबाईंना वाटलं, आईची आठवण येते. त्या आणखी मायेनं, आणखी दोन तांबे जास्त ओतायच्या.

“येक दिस तिनं माजा हात धरला, सोडंना,” हौसाबाई म्हणाल्या. “मला तिची भाषा येत न्हाई, तिला माजी येत न्हाई. मग मी लेकाला म्हनलं, लाव हिच्या आईला फोन. माजं काय चुकतंय ते कळू दे.”

थुईच्या गावी बाळंतीण महिनाभर अंगावर पाणी घेत नाही. केसही धूत नाही. खाटेखाली निखारे ठेवून शेकतात, अंगाला आलं चोळतात. तिला रोज सकाळी वाटायचं, आज आपण मरणार. हौसाबाईंनी फोनवर हातानं पाणी ओतून दाखवलं, तिकडच्या आईनं जोरजोरानं मान हलवली आणि आल्याचा तुकडा वर धरला. दोघी म्हाताऱ्या अर्धा तास अशा बोलत होत्या. शेवटी ठरलं ते असं. न्हाणं बंद, आलं उकळलेल्या पाण्यानं नुसतं पुसून काढायचं. शेगडीचा शेक दोन्ही घरचा होताच, तो ठेवायचा. डिंकाचे लाडू हौसाबाईंचे आणि कच्च्या पपईचं कालवण आईचं. दुधाला ते चांगलं, म्हणे. पपईचं ऐकून मी कानाला हात लावला, तशा हौसाबाई हसल्या. त्यांनीही लावला होता.

“मला इचारायचं सुचलं, पर आठ दिसांनी सुचलं,” त्या उठताना म्हणाल्या. “आठ दिस पोर भेत व्हती.”

विहीणबाईंच्या घरात, त्यांच्या न्हाणीत, त्यांनाच मी सांगायला चालले होते की काय करायचं नाही, आणि त्यासाठी दोनशे पानं भरली होती. संध्याकाळी चुलीपाशी जाऊन थुईच्या शेजारी बसले. माफी मागायला लागले तर तिनं माझ्या हातात आलं आणि किसणी दिली.

रिहे, तिसरा दिवस

थुई मराठी कशातून शिकली, हे मी तिला विचारलं. मराठी शिकवणारं तिच्या भाषेतलं एकही पुस्तक नाही, ॲपही नाही. ती सासूच्या मागं मागं फिरली, एवढंच. हातातल्या वस्तूचं नाव विचारायचं, मग तिचं काय करायचं ते विचारायचं. ‘हे काय?’ आणि ‘हे कसं?’ एवढ्यावर तिनं सहा महिने काढले.

तेव्हा माझं सामान आम्ही पुन्हा लावलं. व्याकरण कपाटात जाणार. तीस दिवसांचा वर्ग बंद. त्याऐवजी थुईच्या मामेबहिणीशी आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर बोलायचं, ती तिकडेच शाळेत शिकवते. लिपी त्यांचीच शिकायची, अक्षरांच्या डोक्यावरच्या आणि पायाखालच्या खुणांसकट. देवनागरी बंद. आणि मुख्य साधन म्हणजे फोनवर घेतलेली थुईच्या आवाजातली चाळीस वाक्यं. ती घेताना मागं कुकरच्या शिट्ट्या येतात, एकदा शेळी ओरडते, आणि एका ठिकाणी हौसाबाई पेंढा कुणी हलवला ते विचारतात. चाळीसांतली तीस वाक्यं प्रश्न आहेत. नव्या शिकणाऱ्याला माझा सल्ला विचाराल तर इतकाच. आपलं माणूस कुठल्या गावचं, हे आधी बघा आणि त्या गावचा आवाज मिळवा. आपल्याला त्याला काय विचारायचंय, हे त्याच्याही आधी बघा.

विहिणीला हाक मारायचा शब्दही मिळाला. दक्षिणेत ‘ची शुई’ म्हणतात, साधारण विहीणताई. त्यांच्याकडे विहीण आहे, याचं मला फार बरं वाटलं.

निघायच्या आधी थुईनं फोन लावायला लावला. मी आढेवेढे घेतले, ती ऐकेना. तिकडे साडेअकरा वाजले असतील. विहीणबाई ओट्यापाशी मासे चिरत होत्या, फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता. आजवर आमचं बोलणं म्हणजे दोघींनी हात हलवायचा आणि हसायचं. मी ‘ची शुई’ अशी हाक मारली तशी त्यांची सुरी थांबली. मग सकाळभर घोकलेलं वाक्य मी म्हटलं. तुमच्या बाळंतपणात तुम्ही काय खाल्लं होतं?

त्या बोलतच सुटल्या. मला त्यातलं भात कळलं, आलं कळलं, मिरी कळली. बाकीचं थुई सांगत होती. खारट मासळी मिरीत कोरडी शिजवून, महिनाभर तेच, दुसरं काही नाही. सासू कडक होती, पण रात्री उठून निखारे बदलायची. एवढं सांगून त्यांनी मला तोच प्रश्न परत केला. तुमचं? तुमच्या वेळी कोण होतं?

हे मला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. मुक्ताच्या वेळी मला सातवा लागला आणि माझी आई गेली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी उठून कुकर लावला. शेक नाही, लाडू नाही, काही नाही. मुक्तालाही मी हे कधी सांगितलेलं नाही. थुई म्हणाली, मराठीत सांगा, मी त्यांना सांगते. मला ते नको होतं. मी तिला विचारलं, ‘एकटी’ कसं म्हणायचं? तिनं माझ्या कानाशी येऊन दोनदा सांगितलं आणि मी ते फोनकडे बघून म्हटलं. चाल चुकली असेल.

विहीणबाईंनी सुरी खाली ठेवली, हात धुतले, पुसले आणि फोन उचलून तोंडाजवळ धरला. हळूहळू काहीतरी बोलल्या. मला त्यातलं नुसतं ‘ची शुई’ कळलं. हौसाबाईंनी थुईला कोपरानं ढोसलं, सांग की.

“त्या म्हनत्यात, लौकर या,” थुई म्हणाली. “लेकीला शेकताना तुमालाबी शेकू. तुमचं ऱ्हायलंय.”

पुण्याला आल्यावर मी तिकीट पंधरा दिवस अलीकडचं करून घेतलं. काल मुक्ताचा फोन होता. बाकी सगळी तयारी झाली म्हणाली, फक्त एक कळत नाही. सासूबाईंनी खोलीत दोन खाटा आणून टाकल्यात, आई, दुसरी कुणासाठी?